विहीणबाईंनी नगर पाहिलं तो उन्हाळा

नगरला कधी यावं, असं कुणी विचारलं तर मी मार्गशीर्षात या म्हणून सांगतो. पाऊस होऊन गेलेला असतो, डोंगरावर अजून गवत असतं, फऱ्याबागेच्या तळ्यात थोडंफार पाणी असतं, ज्वारी हुरड्याला येऊ लागलेली असते आणि टांग्याचं घोडंही चढावर कुरकुर करत नाही. पहाटे डोंगरावरच्या महालात जाऊन बसावं, तिथून खाली सगळं शहर धुक्यातून हळूहळू वर येताना दिसतं. माझं सांगणं लोक ऐकतात, येतात, खूश होऊन परत जातात. ऐकलं नाही ते एकाच घराण्यानं, आणि ते नेमकं माझ्या लेकीचं सासर.

या गोष्टीला सुरुवात लेकीच्या लग्नाच्या पंगतीत झाली. लग्न कोल्हारला, त्यांच्याच दारी होतं. प्रवरेचा काठ, कालव्याचं पाणी, घराभोवती ऊस. व्याही स्वतः जिलबीची परात घेऊन आग्रह करत फिरत होते. माझ्या शेजारी त्यांच्याकडचे एक लांबचे पाहुणे बसले होते. त्या बिचाऱ्यांनी सहज विचारलं, “नगर पाहायचं राहिलंय आमचं. कधी यावं?” मी तोंडातला घास गिळून उत्तर देणार, तेवढ्यात व्याही परात सावरत म्हणाले, “नगर? नगर म्हंजी गाडी बदलायचं गाव. बघायचंच असंल तर पावसाळ्यात बघा, म्हंजी प्यायला पानी तरी मिळंल.”

पंगत हसली. पाहुणेही हसले. वाढपी हसले. मुलीचा बाप म्हणून मलाही हसावं लागलं, आणि पानातली जिलबी तशीच राहिली. नदीच्या काठी जन्माला आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पाण्याला हसायला काय कष्ट पडतात? नदी काही त्यांनी खणलेली नव्हती. माझं जे काही आहे ते मी स्वतः मिळवलेलं आहे, म्हणून मला या गोष्टीचा राग जास्त येतो.

माझा धंदा भिंगारच्या कॅम्पातला. साहेब लोकांची बदली झाली की त्यांच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघायचं, आणि लष्कराचा मोडीत काढलेला मालही तिथंच निघायचा. तंबू, खोगिरं, लोखंडी पेट्या, खाटा, घड्या घालायच्या खुर्च्या. सुरुवातीला मी फाटक्या तंबूचं कापड डोक्यावरून घेऊन शेतकऱ्यांना विकत हिंडलो. पुढं मोठं युद्ध सुरू झालं, कॅम्प वाढला, माल वाढला, आणि मीही वाढलो. शाळा मी फारशी केली नाही, पण दोन गोष्टी त्या लिलावाच्या मैदानात शिकलो. एक, जी वस्तू हवी आहे तिला आधी नावं ठेवायची. दुसरी, कुठलीही वस्तू तिच्या वाईट दिवसांत पाहायची. तंबू पावसात पाहायचा, बैल उन्हाळ्यात, आणि घर श्रावणात.

माझं राहतं घर मी असंच घेतलं. वेशीच्या आत, जुन्या गल्लीत. श्रावणात मुद्दाम गेलो आणि कुठं कुठं गळतं ते पाहत उभा राहिलो. घरमालक मात्र मला ओढून परसात घेऊन गेला. तिथं एक दगडी हौद होता.

“हे बादशहाच्या वेळचं पाणी आहे,” तो म्हणाला. “डोंगराच्या पायथ्यापासून खापराच्या नळांतून जमिनीखालून येतं. कधी आटत नाही.”

मी हौदात वाकून पाहिलं. पावसाचे दिवस, त्यामुळं पाणी गढूळ होतं. माझ्या पथ्यावरच पडलं.

“हा खड्डा बुजवायला मला माणसं लावावी लागतील,” मी म्हणालो. “तो खर्च कुणी सोसायचा?”

तो बिचारा हौदाचे गुण गात राहिला आणि मी खड्डा खड्डा म्हणत राहिलो. घर मला माझ्या भावात मिळालं. पण सौदा झाल्यावरही तो शब्द माझ्या तोंडातून गेला नाही. घरात सगळे त्याला खड्डाच म्हणू लागले. पुढं म्युनिसिपालिटीचा नळ परसात आला, पितळी तोटीचा. मग मी हौदावर फळ्या टाकल्या आणि त्यांवर तंबूचे गठ्ठे रचले. एका कोपऱ्यातली फळी मात्र बायकोनं मोकळी ठेवायला लावली. कशाला, ते मी विचारलं नाही. बायकांच्या अशा गोष्टी विचारायला गेलं की उत्तर ऐकावं लागतं.

लग्नानंतरच्या मार्गशीर्षात कोल्हारहून गुळाच्या गाडीबरोबर निरोप आला. लेकीला दिवस गेले होते, ज्येष्ठात बाळंत होणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण निरोपाला शेपूट होतं. गाडीवानानं ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं: “बाळतपन कुटं करायचं ते आमी नगर बघून ठरवू. उन्हाळ्यात तितं पान्याचं कसं असतं ते आदी बघाय पायजे.”

मी गाडीवानावरच ओरडलो. तो म्हणाला, “मालक, मी गूळ आनलाय, निरोप फकस्त संगं आला.”

बायको आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, गाडीवानाला पाणी दिलं, तो गेल्यावर मला म्हणाली, “मला लेक घरी हवी. पहिल्या वेळेला मुलीला आईच लागते. तुम्ही रागवू नका. एवढे सौदे करता, एक माझ्यासाठी करा.”

एवढं बोलून ती आत गेली. ती कधी काही मागत नाही, त्यामुळं मला भाव पाडायला जागाच उरली नाही. आणि वेळही मोजकाच होता. मुलगी माहेरी आणायची ती सातव्यात. सातवा चुकला की आठव्यात कुणी वेशीबाहेर पाठवत नाही, आणि मग बाळंतपण सासरीच. म्हणजे चैत्र संपायच्या आत व्याह्यांना नगर पटायला हवं होतं.

मी हिशेब मांडला तो असा, की आत्ताच, मार्गशीर्षातच त्यांना नगर दाखवायचं. हवा चांगली, तळ्यात पाणी, डोंगर हिरवा. असं नगर पाहिल्यावर कोण नाही म्हणेल? मी दुसऱ्याच दिवशी मोटारीनं कोल्हार गाठलं.

गुऱ्हाळ चालू होतं. व्याही काहिलीजवळ रसाचा पेला घेऊन बसले होते आणि विहीणबाई उभ्या होत्या. त्या घरात बोलतात व्याही आणि ठरवतात विहीणबाई, हे मला लग्नातच कळलं होतं. बाई अंगानं लहानखुरी, आवाज कधी चढत नाही, पण गुळव्यासुद्धा त्यांच्याकडे पाहूनच जाळ कमी-जास्त करत होता.

“विहीणबाई, या आठवड्यात चला,” मी म्हणालो. “नगर पाहायचं म्हणालात ना? आत्ता हवा सुरेख आहे.”

“आत्ता? ह्ये गुऱ्हाळ सोडून?”

“बरं, मग पौषात या.”

“पौषात कुनी पावनं जातं का, इवाई?”

“माघात.”

“माघात उसाची बांधनी आसती.”

“फाल्गुनात तरी या. शिमग्याच्या आधी.”

“शिमग्याला मानसं तोंडाला यील ते बोलत्यात,” त्या म्हणाल्या. “तुमी तर एरवीबी बोलता.”

व्याही रसाच्या पेल्यात हसले. रस नाकात गेला आणि ते खोकत बसले, याचं मला थोडं समाधान वाटलं.

“मग तुम्हीच सांगा, कधी येता?”

“सवड झाली की यीऊ.”

हे ‘सवड झाली की’ मी चांगलं ओळखतो. लिलावाला आलेल्या मालासमोरून मी हेच म्हणत पुढं जातो आणि मालाचे वाईट दिवस आले की परत येतो. पण त्या वेळी माझ्या डोक्यात पंगत घुमत होती, त्यामुळं ते कानावरून गेलं. निघताना लेक ओसरीच्या दाराशी आली. चेहरा भरला होता. मी तिला म्हणालो, “तुझी सासू मला दाद देत नाही.”

ती पदर तोंडाशी धरून हसली. “आबा, भांडू नका हं. आणि एक सांगू? सासूबाईंना म्हैस घ्यायची असली की त्या उन्हाळ्यातच जातात.”

“मला म्हशीशी काय करायचंय?” मी म्हणालो आणि मोटारीत जाऊन बसलो.

घरी येऊन मी तयारीला लागलो. आज येतील, उद्या येतील. घराला चुना दिला. एका साहेबाच्या बंगल्यातली मोठी खाट आणि वाळ्याची ताटी मी विकायची ठेवली होती, ती घरात आणून लावली. माणूसभर उंचीचा आरसा आणला. बायको त्याच्यासमोरून जाताना प्रत्येक वेळी पदर नीट करायची आणि म्हणायची, “परका माणूस घरात आल्यासारखं वाटतं हो.” कुठल्या वेळी काय दाखवायचं, तेही मी पक्कं केलं होतं: पहाटे डोंगरावरचा महाल, ऊन चढायच्या आत फऱ्याबाग, संध्याकाळी वेशी आणि पेठ, आणि शेवटी बाजारातली मिठाई, म्हणजे तोंडात गोड असताना बोलणी.

पौष गेला, माघ गेला. डोंगराचं गवत पिवळं पडलं, मग तेही गुरांनी नेलं. फऱ्याबागेतलं तळं आटत चाललं. कॅम्पातून येता-जाता मी ते पाहायचो आणि पाणी असं हातचं जाताना पाहून विहीणबाईंवर चिडायचो. शिमगा झाला. पाडवा झाला. बायकोनं जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, ती रोज उन्हाला टाकायची आणि घड्या करून पुन्हा आत ठेवायची. माझ्याशी त्याबद्दल ती बोलत नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि चैत्र संपत आला असताना, भर दुपारी, मी नुसत्या बंडीवर परसात खोगिरं निवडत बसलो असताना दारात टांगा थांबला. आतून आधी एक पिशवी उतरली, मग विहीणबाई, मग घामानं निथळणारे व्याही.

“सवड झाली,” विहीणबाई म्हणाल्या.

बायको पाय धुवायला तांब्या घेऊन पुढं झाली. विहीणबाईंनी हात वर केला. “पाय मागनं धुवू. टांगा हायेच दारात. ऊन हाय तवर तुमचं नगर दावा.”

“आत्ता?” मी म्हणालो. “अहो, या वेळी कावळासुद्धा झाडाखाली असतो. संध्याकाळी जाऊ.”

“सांजच्याला समदीच गावं बरी दिसत्यात.”

मी सदरा चढवला आणि टांगेवाल्याशेजारी पुढं बसलो. टांगेवाला म्हणजे ओळखीचा म्हातारा मियाँ, लिलावाच्या दिवशी माझा माल वाहायचा. ती दोघं मागं. मियाँनं माझ्याकडे तिरकं पाहिलं. “शेठ, घोडं पानी पिऊन आलंय. तुमी पिलात का?”

किल्ल्याजवळून गेलो. मी मान वळवून खंदक दाखवला, तट दाखवला. पण त्या वर्षांत देशातले मोठमोठे पुढारी सरकारनं आत कोंडून ठेवलेले. रस्त्यावर पहारा, टांगा थांबवायचीसुद्धा सोय नाही. मी मियाँला हळू घे म्हणालो, तर शिपायानं हातानंच पुढं जा अशी खूण केली.

“म्हंजी तुमच्या नगरात बघन्यासारखी मानसं हायेत,” व्याही मागून म्हणाले, “फकस्त ती कुनाला बघू देत न्हाईत.”

मी म्हटलं, फऱ्याबाग दाखवू. पाण्याच्या मधोमध महाल, असं मी कोल्हारला दहा वेळा सांगितलं होतं. टांगा उभा राहिला. समोर महाल होता, उंच कमानींचा, आणि भोवती फुटलेली जमीन. तीवर शेळ्या फिरत होत्या. विहीणबाई उतरल्या, पदर डोक्यावरून ओढून जरा पुढं गेल्या. आम्हीही गेलो.

“इवाई, तळं कुटं हाय?”

“हेच.”

“ह्येच म्हंजी?”

“आपण उभे आहोत ते.”

विहीणबाईंनी पायाखाली पाहिलं. व्याह्यांनी एक पाय उचलून चपलेचा तळ पाहिला, ओल लागली की काय म्हणून. एक शेळी आमच्याकडे पाहत राहिली. मला त्या शेळीचासुद्धा राग आला.

“भित्ताडं मजबूत हायेत,” विहीणबाई म्हणाल्या, “पर गिलावा गेलाय. आन् येवड्या मोट्या घराला बसाय एक झाड न्हाई.”

तिथून डोंगराकडे निघालो. चढ सुरू झाला तसं घोडं थांबलं. मियाँनं चाबूक हवेत वाजवला, पण घोड्याला मारायला त्याचं मन होईना. पायथ्याशी थांबूनच आम्ही वर पाहिलं. उन्हात महाल थरथरल्यासारखा दिसत होता.

“वर काय हाय?” व्याही म्हणाले.

“वरून सगळं नगर दिसतं.”

“आन् नगरात काय दिसतं?”

एवढं मात्र मला सोसलं नाही. मी टांग्यातून खाली उतरलो. “मार्गशीर्षात बोलावलं तेव्हा आला नाहीत! पौषात आला नाहीत! तळं भरलेलं होतं तेव्हा तुमचं गुऱ्हाळ, डोंगर हिरवा होता तेव्हा तुमची बांधणी! आता सगळं वाळून कोळ झाल्यावर येता आणि मलाच विचारता काय दिसतं म्हणून? पाहायची ही वेळ आहे?”

“शेठ, जरा हळू,” मियाँ म्हणाला. “घोडं बिचकतंय.”

विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. “म्हैस दूद देती तवा कुनीबी बगाय जातं, इवाई. भाकड आसताना गोठ्यात कशी ऱ्हाती, ते बगून घ्यावं. माजी सून जेष्ठात तुमच्याकडं ऱ्हानार. मार्गशीर्षात न्हाई.”

तेव्हा लेकीनं दारात काय सांगितलं होतं ते मला आठवलं. हा नियम तर माझा होता. माझ्या धंद्यातला, माझ्या कष्टानं शिकलेला. तो घेऊन ही बाई मलाच मापत होती. मी मुकाट्यानं टांग्यात चढलो.

परतीच्या वाटेवर विहीणबाई नावं ठेवत होत्या. रस्त्याला धूळ फार. घरं एकमेकांना लागून. वेशीची दारं कुठं गेली? ऐकता ऐकता माझा राग थोडा उतरला. ज्याला माल नको असतो, तो चांगलाय म्हणतो आणि चालू लागतो. या बाई अजून दगड-विटांना नावं ठेवत होत्या, म्हणजे अजून सौद्यात होत्या.

घरी आलो. विहीणबाई थेट परसात गेल्या, आणि मी अडवायच्या आत त्यांनी पितळी तोटी फिरवली. नळानं एक लांब सुस्कारा टाकला. त्यातून एक थेंब आला, तोही पडायला तयार नव्हता.

नळाला पाणी पहाटे घटकाभर येतं, हे मला माहीत होतं. पण ते सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात माझी नजर व्याह्यांकडे गेली. ते नुसते आभाळाकडे पाहत होते, पाऊस कधी येईल असं. मी पुन्हा तापलो.

“इकडं या, विहीणबाई,” बायको म्हणाली.

तिनं कोपऱ्यातली मोकळी फळी उचलली आणि दोरी बांधलेली कळशी आत सोडली. कळशी बुडाल्याचा आवाज आला, खोल आणि भरलेला. तिनं ती वर ओढली आणि विहीणबाईंच्या पायांवर ओतली. विहीणबाईंनी पाय झटकन मागं घेतले, मग पुन्हा पुढं केले.

“गार हाय,” त्या म्हणाल्या. ओंजळ पुढं करून त्यांनी थोडं पाणी घेतलं. प्यायल्या. पुन्हा ओंजळ पुढं केली. “कुठलं म्हनायचं ह्ये?”

“जुनं आहे, बादशहाच्या वेळचं,” बायको म्हणाली. “डोंगराखालून खापराच्या नळांनी जमिनीतून येतं, म्हणून ऊन लागत नाही. पावसाळ्यात जरा गढूळतं. उन्हाळ्यात बघा कसं आहे.”

“आटत न्हाई?”

“आम्ही आल्यापासून तरी नाही. अहो, चैत्र-वैशाखात सगळी गल्ली इथूनच पाणी नेते. हे लिलावाला गेले की.”

हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी भिंगारला तंबूच्या भावासाठी घसा कोरडा करत होतो, आणि माझ्या परसातून गल्लीचं पाणी चाललं होतं. शेजारच्या घरातून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. भिंती एकमेकांना लागून आहेत, हे विहीणबाईंचं म्हणणं खरंच होतं.

विहीणबाईंनी पदर खोचला आणि स्वतः दुसरी फळी उचलली. मग तिसरी. मला गठ्ठे उचलून बाजूला धरावे लागले. उघडा हौद मीही कितीतरी वर्षांनी पाहत होतो. पाणी तळाचा काळा दगड दिसेल इतकं स्वच्छ. एका बाजूच्या दगडी तोंडातून धार आत पडत होती, करंगळीएवढी, न थांबता.

“ह्ये झाकून का ठिवलं?” विहीणबाईंनी विचारलं.

मी हातातल्या गठ्ठ्याची गाठ तपासू लागलो.

“त्यांना तो खड्डा वाटतो,” बायको म्हणाली.

व्याही हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या हौदाच्या कडेला बसल्या, पाण्यात हात सोडला आणि धारेकडे पाहत राहिल्या. कुणाला नावं ठेवली नाहीत, काही विचारलं नाही. गिऱ्हाईक असं गप्प झालं की विकणाऱ्यानं एक अक्षर बोलायचं नसतं; बोललं की सौदा मोडतो. माझ्या जिभेवर किती गोष्टी आल्या म्हणून सांगू! त्या पंगतीची वाफ सगळी तोंडाशी आली होती. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी गठ्ठा छातीशी धरून उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं विहीणबाईंनी हात पदराला पुसला.

“पोरगी पाठवते,” त्या म्हणाल्या. “चैत्र सरायच्या आत. पर त्या फळ्या पुन्ना टाकायच्या न्हाईत, आन् ही तुमची तंबूची पालं हितनं हलवायची. पोराच्या दुपट्यांना वारा पायजे.”

“हलवतो,” मी म्हणालो. ठेवायला जागा कुठं होती, देव जाणे.

“आन् मीबी संगं यीन. बाळतपन हुईस्तवर ऱ्हाईन.”

हे जास्त होतं. मी भाव पाडायचा प्रयत्न केला. “तुमचं गुऱ्हाळ?”

“उन्हाळ्यात गुऱ्हाळ नसतं, इवाई.”

बायको तोवर आत गेली होती. दुपटी ठेवायची लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ती बाहेर आली नाही. थोड्या वेळानं डोळे पुसून आली आणि विहीणबाईंना म्हणाली, “धूर फार झालाय चुलीचा.” चूल पेटलेली नव्हती, पण विहीणबाई म्हणाल्या, “व्हय, लई झालाय.”

लेक आली. तिच्याबरोबर विहीणबाई आल्या. साहेबाची खाट त्यांनी हौदाशेजारी टाकून घेतली, वाळ्याची ताटी तिच्या बाजूला उभी केली, तिच्यावर हौदाचं पाणी शिंपडायला लावलं, आणि त्या गारव्यात बसून माझं घर चालवायला घेतलं. मी सगळा माल रस्त्याकडच्या पडवीत नेला. माणूसभर उंचीचा आरसा विकला गेला. बायको म्हणाली, बरं झालं. गल्लीतल्या बायका आता मी घरी असतानाही कळश्या घेऊन यायच्या आणि आधी विहीणबाईंच्या खाटेशी टेकायच्या. कोल्हारहून कुणी भेटायला आलं की विहीणबाई त्याला हौदाशी नेऊन ओंजळ धरायला लावायच्या आणि म्हणायच्या, “नगर बगायचं तर उन्हाळ्यातच बगावं.” माझ्या मार्गशीर्षाचं कुणी नावही काढलं नाही. अजूनही त्यांच्या गावचे लोक भर उन्हात येतात, महालाकडे पाहतसुद्धा नाहीत, हौदातलं पाणी पितात आणि जातात.

ज्येष्ठात नात झाली. पहिली अंघोळ त्याच पाण्याची.

आषाढात व्याही नातीला पाहायला आले. सकाळपासून भुरभूर चालू होती. डोक्यावर घोंगडी, पाय चिखलानं भरलेले. नातीला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत आपलं बोट दिलं, डोळे ओले झाले ते पावसानं झाल्यासारखं दाखवलं, आणि मग पाणी मागितलं. बायकोनं हौदातून तांब्या भरून दिला. त्यांनी तो तोंडाशी नेला, थांबले, आत डोकावले.

“इवाई, पानी जरा गढूळ दिसतंय.”

लग्नाच्या पंगतीपासून मी ज्या दिवसाची वाट पाहत होतो तो हा दिवस. उत्तर मी कधीचं घडवून, घासूनपुसून ठेवलं होतं: पावसाळ्यात बघा, असं तुम्हीच म्हणाला होतात. गाडी बदलायला आलात ना? मी घसा साफ केला.

“गाळून द्या त्यांना,” खाटेवरून विहीणबाई म्हणाल्या. “न्हाईतर ऱ्हाऊ द्या. नगर पावसाळ्यात बगायचं, आसं त्येच म्हनायचे. आन् गाडी बदलायलाच आल्यात.”

लेक हसली, बायको हसली, नात दचकून रडायला लागली. व्याह्यांनी ते पाणी तसंच पिऊन टाकलं. आणि मी तोंड उघडून उभा राहिलो, कारण ते वाक्य माझं होतं.